गाणे फुकट, मांडव विकत

उत्सवाचा जमाखर्च छापून महाजनांच्या हाती देण्याची चाल आमच्याकडील पुष्कळ देवस्थानांतून आहे आणि ती उत्तम चाल आहे. त्या कागदावर मांडववाल्याची रक्कम असते, रोषणाईची असते, जनरेटरची, फुलांची, आचाऱ्यांची, दारूकामाचीही असते. ध्वनिक्षेपक भाड्याने आणल्याचा आकडा असतो. त्या ध्वनिक्षेपकातून पाच दिवस जे वाजले, त्याचा आकडा मात्र कोठेही नसतो. कर्णे भाड्याचे, तारा भाड्याच्या, त्या जोडणारा मनुष्य रोजंदारीचा. गाणे तेवढे फुकट! बरे, पैसा नाही तर नाही, निदान नाव तरी असावे. तेही नसते. देणगीदाराचे नाव पाटीवर, सूत्रसंचालकाचे नाव पत्रिकेवर, मांडववाल्याचे नाव मांडवाच्या कनातीवर. आणि ज्याच्या गाण्यावर सारा गाव ताल धरतो, तो बिननावाचा.

आमचा हा आक्षेप नव्या संगीताच्या तिरस्कारातून आलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर चाळिशी उलटताच वकीलसाहेब नव्या गाण्यांवर घसरले असा ग्रह व्हावयाचा. गेल्या दहा वर्षांत चित्रपटातून आणि चित्रपटाबाहेरून जे संगीत आले, त्यातील बरेचसे आम्ही आवडीने ऐकतो. ‘सैराट’ (२०१६) मधील अजय-अतुल यांचा पाश्चात्त्य वाद्यवृंद, जो त्यांनी लॉस एंजेलिस येथे जाऊन ध्वनिमुद्रित केला, तो ऊस आणि विहिरींच्या त्या मुलखावर इतका साजून दिसला की परकेपणाचा लवलेशही वाटला नाही. ‘लापता लेडीज’ (२०२४) मध्ये राम संपत यांनी गाण्यांचा आवाज मुद्दाम खाली ठेवला आहे, आणि तेथेच त्यांचे कौशल्य आहे. ‘अमरसिंग चमकीला’ (२०२४) साठी ए. आर. रहमान आणि इर्शाद कामिल यांनी केलेले काम आम्ही प्रवासात पुनःपुन्हा ऐकले. केवळ एक गिटार आणि एक गळा घेऊन बसणारे प्रतीक कुहाड यांच्यासारखे स्वतंत्र गायकही आम्हास आवडतात. त्यांच्या गाण्यात एकांत आहे, आणि एकांत ही चीज ध्वनिक्षेपकाने आमच्या आयुष्यातून घालविलेली आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (२०२०) तर गाण्यावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने पाहावा. आयुष्यभर साधना करूनही जो मोठा होत नाही अशा गवयाची ती कथा आहे. तिचे संगीत अनीश प्रधान यांचे, आणि नायकाच्या भूमिकेत खरोखरीचा गवई, आदित्य मोडक. व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार तिला मिळाला. आमच्या किती संगीतप्रेमी मंडळांनी तो चित्रपट सभासदांना दाखविला, हे विचारण्यात अर्थ नाही.

या ठिकाणी काही वडीलधारे म्हणतील की असले संगीत मुळात संगीतच नव्हे, त्याच्या कर्त्याची चौकशी कशाला? हे म्हणणे नवे नाही. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. हेतू शुद्ध होता, शास्त्रीय संगीतावरची त्यांची निष्ठाही खरी होती. परिणाम काय झाला? सारा देश रेडिओ सिलोनकडे कान लावून बसला. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी सुरू झाली. आणि १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला मुकाट्याने मागे फिरावे लागले. ज्या पेटीवाचून आमच्या एकाही देवळात भजन उभे राहत नाही, ती हार्मोनियमही १९४० पासून सुमारे तीस वर्षे त्याच आकाशवाणीस वर्ज्य होती. तेव्हा सोवळ्याच्या नावाखाली कोणते वाद्य आणि कोणते गाणे अस्पृश्य ठरवावे, याचा निर्णय आपण जरा बेताने घेतलेला बरा. शिवाय जे गाणे संगीतच नव्हे असे आपले मत, ते आपल्याच मांडवात रात्री अकरापर्यंत वाजते, यातील विसंगती वडीलधाऱ्यांच्या ध्यानात कशी येत नाही?

‘गुलाबी साडी’ हे २०२४ सालातले गाणे घ्या. ते न वाजलेला उत्सवी मांडव त्या वर्षी दिवा घेऊन शोधावा लागला असता. कोणत्याही चित्रपटाचा आधार नसताना ते पसरले. ते लिहिणारा आणि गाणारा संजू राठोड हा जळगाव जिल्ह्यातला तरुण आहे, हे आपल्या आळीतल्या दहा जणांना विचारून पाहा. ‘सैयारा’ (२०२५) चे शीर्षकगीत घ्या. चित्रपट मोठ्या कंपनीचा, पण त्या गाण्याच्या तीन संगीतकारांपैकी दोघे, फहीम अब्दुल्ला आणि अर्सलान निझामी, हे काश्मीरमधील स्वतंत्र कलावंत. तिसरे तनिष्क बागची. शब्द इर्शाद कामिल यांचे. लोकांच्या तोंडी मात्र नायक-नायिकेची नावे. ‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटाचीही (२०१५) तीच गत. त्यातील जुनी पदे जितेंद्र अभिषेकीबुवांच्या १९६७ च्या नाटकातली आणि नवी शंकर-एहसान-लॉय यांची. पण बुवा मूळचे मंगेशीचे असूनही आमच्या गोव्यातच ही फोड अचूक सांगणारे बोटांवर मोजण्याइतके भेटले.

आता नाव न घेण्याची ही खोड कोठपर्यंत जाते, ते आमच्याच मातीतल्या माणसांच्या उदाहरणाने पाहू. हिंदी चित्रपटसंगीताच्या त्या वैभवाच्या काळात संगीत दिग्दर्शक चाल बांधीत. परंतु ती चाल चाळीस-पन्नास वादकांत वाटून देणे, कोणते व्हायोलिन कोठे उठावे आणि कोणता ट्रंपेट कोठे थांबावा हे कागदावर स्वरलिपीत उतरविणे, हे काम बव्हंशी गोमंतकीयांनी केले. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्तांकडून स्वरलेखन शिकलेली ही मंडळी मुंबईस गेली. शंकर-जयकिशन यांच्यामागे सेबॅस्टियन डिसोझा उभे होते. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) मागे हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, होते. फ्रँक फर्नांड यांनी हे काम करता करता पदरमोड करून ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. शिष्याने गुरूचे ऋण १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ मधील एका गाण्याने फेडले, आणि ते नाव हिंदुस्थानभर झाले. पण झाले ते पडद्यावरच्या एका विनोदी पात्राचे नाव म्हणून! खरा अँथनी गोन्साल्विस २०१२ साली वारला, तेव्हा त्या नावाचा मनुष्य खरोखर होता याचेच पुष्कळांना नवल वाटले. बार्द्रॉय बार्रेत्तो यांच्या ‘नाचुंया कुंपासार’ या कोकणी चित्रपटाने क्रिस पेरी यांची गाणी पुन्हा उभी करून या साऱ्या पिढीस थोडाफार न्याय दिला, त्यास राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. गावोगावच्या सभागृहांतून तो दाखविला गेला आणि लोकांनी गर्दी केली. त्या गर्दीत आम्ही हिंदूही होतो. संगीताच्या ऋणाला धर्माची हद्द नसते, हे येथे वेगळे सांगण्याचे कारण नसावे.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. नाव आणि हक्क यांचा कायद्यात फार निकटचा संबंध आहे, आणि तो सामान्य वाचकास कोणी सांगत नाही. १९५७ चा आपला लेखाधिकाराचा कायदा चांगला. पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, निर्मात्याने मोबदला देऊन गाणे करवून घेतले आणि उलट करार नसला, तर त्या गाण्याचा पहिला धनी निर्माता. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टीप जोडून, गाणाऱ्याच्या गळ्याला आपल्या कायद्यात काहीच आसरा नाही, याबद्दल विषाद प्रकट केला होता. गाणारा कायद्याच्या दृष्टीस पडावयास १९९४ साल उजाडले. गीतकार आणि संगीतकार यांना तर २०१२ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने, जावेद अख्तर राज्यसभेत असताना, असा नियम झाला की चित्रपटगृहातील खेळ सोडून अन्यत्र गाण्याचा जो उपयोग होईल, त्याच्या मानधनातील बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकाराचा. आणि हा वाटा त्याला लिहून देऊनसुद्धा सोडता येणार नाही. हे शेवटचे कलम आमच्या मते फार शहाणपणाचे आहे. गरजू मनुष्य कोणत्या कागदावर सही करील याचा नेम नसतो, हे वकिलाइतके कोणास ठाऊक असणार? नियम झाला तरी वसुली सोपी नव्हतीच. नभोवाणी कंपन्यांनी हा वाटा देण्याचे नाकारले आणि एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयास तो मान्य करावा लागला.

पण त्याच दुरुस्तीत ‘कलावंत’ या शब्दाच्या व्याख्येला एक शेपूट जोडलेले आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेही येत नाही, तो कायद्याने कलावंतच नव्हे! त्याच्या कामाची विटंबना होऊ नये एवढाच एक हक्क त्यास ठेवला आहे. आपले नाव लावून मागण्याचाही नाही. वाचकहो, या कलमाची रचना नीट पाहा. रिवाज नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून हक्क नाही. तिसऱ्या रांगेत बसून व्हायोलिन वाजविणाऱ्या मनुष्याने या वर्तुळातून बाहेर पडावे तरी कोठून? आणि रिवाज म्हणजे काय, तो आभाळातून पडत नाही. ऐकणाऱ्यांनी कधी नाव विचारले नाही, म्हणूनच छापणाऱ्यांनी छापले नाही. तेव्हा या शेपटाचे आम्ही आणि आपण सर्व सहकर्ते आहोत.

स्वतंत्र संगीतकार या जाचातून सुटला, असे कोणी म्हणेल. काही अंशी खरे आहे. १९८४ साली रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या आपल्या घरी बसून ‘गोवन क्रेझी’ ही ध्वनिफीत स्वतः मुद्रित केली, स्वतः स्कूटरवरून दुकानोदुकानी नेऊन दिली. गाणेही त्यांचे आणि मालकीही त्यांची. आज ज्यास ‘इंडी’ म्हणतात त्याचा हा आमच्याकडचा आद्य नमुना. पण आजचा मुलगा स्कूटरवरून फिरत नाही. तो कंपनीच्या दारात जातो. दोन वर्षांपूर्वी असा एक मुलगा आमच्याकडे करारपत्र घेऊन आला होता. कंपनीचे नाव येथे सांगण्याची जरूर नाही, कारण तसले पत्र आम्ही अनेक कंपन्यांचे पाहिले आहे. त्यात त्याने आपली पाच गाणी ‘अखिल विश्वात आणि सर्वकाळ’ कंपनीस दिली होती. कायदा म्हणतो की मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरावी, प्रदेश लिहिला नसेल तर हिंदुस्थान धरावा; म्हणून कंपन्या मुदत आणि प्रदेश दोन्ही अशा थाटात लिहून घेतात. चंद्रसूर्य असेतोवर जमिनी इनाम दिल्याचे ताम्रपट आम्ही वाचले आहेत. फरक इतकाच की तेथे देणारा राजा असे आणि घेणारा याचक. येथे सर्व उलटे. त्या मुलाने विचारलेला प्रश्न पैशाचा नव्हताच. “माझे नाव कोठे येईल?” एवढेच त्याने विचारले. कराराच्या चौदा पानांत त्याचे उत्तर नव्हते.

गीतकाराची दशा याहून निराळी नाही. २०२० साली इंदूरच्या मराठी घरातले स्वानंद किरकिरे आणि त्यांचे अनेक सहव्यवसायी यांनी, आमचे नाव लावा हो, अशी मागणी चक्क एक गाणे रचून केली. दोन वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या कवीला नावासाठी पदर पसरावा लागतो, तेथे इतरांची काय कथा?

आता आपल्या देवळाकडे वळू. कलम ५२ मध्ये एक सवलत आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणे गाइले वा वाजविले, तर तो अधिकारभंग होत नाही. आणि लग्नाची वरात व त्यासंबंधीचे सोहळे यांचाही समावेश त्यात केला आहे. ही सवलत आम्हास मान्य आहे. आरतीला, पालखीला, कीर्तनाला कोणी शुल्क मागू लागला तर त्याच्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांत आम्ही पहिले असू. परंतु ‘विधीच्या ओघात’ या शब्दांना काही अर्थ आहे की नाही? पालखी देवळात परतली, देव निजला, पुजारी घरी गेला. त्यानंतर प्रायोजकांच्या फलकांखाली जो ‘ऑर्केस्ट्रा’ होतो, तो कोणत्या विधीच्या ओघात होतो? आमच्या गोव्यात तर ३० जानेवारी २०२४ रोजी सरकारने परिपत्रक काढून विवाह आणि धार्मिक समारंभ यांसाठी परवाना मागू नये असे बजावले, आणि पुष्कळ समित्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने ते परिपत्रक रद्द केले. योग्यच केले. कायद्याचा अर्थ सचिवालयातून परिपत्रकाने ठरू लागला, तर आम्ही वकिलांनी आणि न्यायमूर्तींनी काय करावयाचे!

यावर एक आक्षेप आम्हास वारंवार ऐकू येतो आणि तो पोकळ नाही. म्हणतात की वसुली करणाऱ्या संस्था धाकदपटशा करतात, आणि वसूल झालेला पैसा कलावंताच्या हाती पडतोच असे नाही. आमचाही या संस्थांवर आंधळा विश्वास नाही. पण हा युक्तिवाद करणाऱ्यांनी असे पाहावे, की देवस्थानाच्या हिशेबात घोटाळा असला तर आपण देवाला फूल वाहणे थांबवितो का? आपण सभा बोलावतो, हिशेब मागतो, समिती बदलतो. अशा नोंदणीकृत संस्थेच्या कार्यकारी मंडळात लेखक-संगीतकार आणि मालक यांची संख्या समसमान असावी, असा कायदाच आहे. हिशेब मागण्याची सोय आहे. मागणाऱ्यांनी आधी स्वतः काही दिलेले असावे एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक गोड आहे, आणि म्हणून अधिक घातक. संगीत ही देवाची देणगी, तिचा व्यापार कसला? हे वाक्य मांडववाल्याला कोणी ऐकवीत नाही. लाकूडही देवानेच दिलेले आहे. आणि देवळानेच एके काळी गाण्याला अन्न दिले, हे या मंडळींस आठवत नाही काय? आमच्या देवळांच्या चौकातून, पालखीच्या पुढून, जे गाणे वाढले त्यातूनच केरीच्या केसरबाई आल्या, कुर्डीच्या मोगूबाई आल्या, मंगेशीचे दीनानाथ आले. पण तोही काळ आम्ही सोन्याचा म्हणणार नाही. देवळाने त्या स्त्रियांची सेवा घेतली. नावानिशी मान त्यांना मिळाला तो मुंबईच्या मैफलींतून. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेच्या बाहेरच्या वाटेस लागली. ज्या उंबरठ्यांवर त्यांच्यासारख्यांच्या आया-आज्या जन्मभर गाइल्या, तेथे त्यांच्या नावाचा एक दगड तरी आहे का?

दीनानाथांच्या कन्येने मात्र हा प्रश्न धीटपणे विचारला. १९५७ साली चित्रपटाच्या एका मोठ्या पुरस्कारसोहळ्यात, गायकाला पुरस्कार नसेल तर मी गाणार नाही, असे लताबाईंनी सांगितले. १९५९ पासून तो पुरस्कार सुरू झाला. पुढे गायकाला मानधनाचा वाटा मिळावा म्हणून त्या भांडल्या, आणि त्यापायी मोहंमद रफी यांच्याशी काही वर्षे त्यांनी युगुलगीतेही गाइली नाहीत. त्या वेळी त्यांना हट्टी आणि लोभी म्हणणारे पुष्कळ होते. आज तीच मंडळी त्यांच्या तसबिरीस हार घालतात.

आणि प्रश्न केवळ चित्रपटाच्या नायिकेचा वा ‘इंडी’ पोरांचा नाही, तर थेट देवाच्या स्तुतीचा आहे. ‘पोन्नियिन सेल्वन’ या चित्रपटाच्या दुसऱ्या भागातील (२०२३) एका गीतावरून दिल्लीत खटला झाला. ते गीत धाकट्या डागर बंधूंच्या अडाणा रागातील शिवस्तुतीवरून उचलले आहे, असे त्यांच्या घराण्याचे म्हणणे. चित्रपटाने प्रथम श्रेय दिले होते ते ‘डागरवाणी परंपरेतील ध्रुपदावर आधारित’ एवढेच. परंपरेला नाव होते, माणसांना नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये एका न्यायमूर्तींनी माणसांची नावे घालण्याचा आणि दोन कोटी रुपये ठेव ठेवण्याचा अंतरिम हुकूम दिला. सप्टेंबरात द्विसदस्य पीठाने, गायक तोच रचनाकार असे प्रथमदर्शनी सिद्ध होत नाही म्हणून, तो हुकूम रद्द केला. कायद्याची बाजू काहीही असो, आम्हास त्यात एक गोष्ट सलते. ‘परंपरा’ हा शब्द किती सोयीचा आहे! परंपरेला मानधन द्यावे लागत नाही, परंपरा कोर्टात येत नाही. आपल्या भजनी मंडळांतूनही ‘पारंपरिक चाल’ म्हणून जी पदे सर्रास गाइली जातात, त्यांतील कित्येकांचे कर्ते परवापरवापर्यंत हयात होते.

म्हणून आम्ही आमच्या देवस्थानाच्या समितीकडे एक ठराव पाठविला आहे. उत्सवात विधीबाहेर जे ध्वनिमुद्रित संगीत वाजेल, त्याची यादी ध्वनिक्षेपकवाल्याने रोज लिहून द्यावी. त्यात गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे असावीत. सूत्रसंचालकाने गाण्याआधी ती नावे घ्यावीत, मग प्रायोजकांची. परवाना जेथे लागतो तेथे घ्यावा आणि त्याची रक्कम जमाखर्चात ‘संगीत’ या स्वतंत्र सदराखाली दाखवावी. आणि एका रात्रीचे दारूकाम कमी करून तेवढ्या पैशात आपल्या भागातला एखादा स्वतंत्र गाणारा मुलगा वा मुलगी प्रत्यक्ष बोलवावी, नाव छापून, बिदागी ठरवून. कोकणी गाणारी असली तरी, मराठी असली तरी. समितीच्या एका वजनदार सभासदाने हा ठराव वाचून विचारले की एवढी नावे घेत बसलो तर गाणी कधी वाजवायची. आम्ही त्यांना देणगीदारांची यादी वाचावयास लागणारा वेळ मोजून कळविला आहे. ठरावाचा मसुदा दुसऱ्या कोणा देवस्थानाच्या महाजनांस हवा असल्यास त्यांनी या मासिकाच्या पत्त्यावर लिहावे. तो मराठीत आणि कोकणीत, दोन्ही भाषांत तयार आहे.